विसावा डोळ्यांनाही हवा

(रेल्वे व टपाल कामगारांच्या इटारसी येथील मराठी अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेले भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त केले आहे.)



सकाळपासून या वर्गात पेन्शन झाली, रिक्त जागा झाल्या, कंत्राटीकरण झाले. त्या यादीच्या शेवटी माझा विषय छापलेला पाहून चहाच्या वेळी एका साथीने मला विचारले, "दादा, 'परिसर आणि मन' हे काय? युनियनने आता कविसंमेलन भरवायचं ठरवलंय का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायलाच मी उभा आहे. मी कवी नाही. मॅट्रिक झालो, रेल्वेत लागलो आणि गार्ड म्हणून मालगाडीच्या शेवटच्या डब्यात अर्धे आयुष्य काढले. २०२२ पासून आमच्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव बदलले, ब्रेकव्हॅनचे हादरे तेच राहिले.

साथींनो, हा विषय नवा वाटतो, पण आपल्या सगळ्यात जुन्या मागणीच्या पोटातूनच तो निघतो. ती मागणी म्हणजे विश्रांती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, कामगाराचा हक्क आहे, असे आपण तेव्हापासून म्हणत आलो. पुढे आठ तास आले, रोस्टर आले, विश्रांतीचे किमान तास आले. तासांसाठी भांडलो ते योग्यच झाले, कारण तास हातात आल्याशिवाय पुढचे काही बोलताच येत नाही. आता पुढचा प्रश्न विचारायचा आहे. मिळालेल्या त्या तासांत माणूस बसतो कुठे, निजतो कुठे, आणि त्याच्या डोळ्यांसमोर काय असते?

माझे म्हणणे थोडक्यात असे. माणूस ज्याच्याकडे बघत राहतो, त्याचा परिणाम त्याच्या मनावर होतो आणि त्याच्या विचार करण्याच्या ताकदीवरही होतो. म्हणून विश्रांतीच्या जागेतून काय दिसते, हा चैनीचा प्रश्न नाही. तो सेवाशर्तींचा प्रश्न आहे.

आधी कामावरच्या डोळ्यांचे बघू. इथून नागपूरकडे गाडी निघाली की थोड्याच वेळात सातपुडा सुरू होतो. धाराखोह ते मरामझिरी हा घाट आपल्यापैकी अनेकांच्या पायाखालचा. सागाचे जंगल, वळणे, चढ, मालगाडीला मागून रेटणारे बँकर इंजिन. पावसाळ्यात प्रवासी खिडकीच्या गजाला नाक लावून बसतो आणि घरी गेल्यावर आठ दिवस त्या हिरवाईचे वर्णन करतो. तोच घाट लोको पायलटला कसा दिसतो? तो सिग्नल शोधतो. सिग्नल दिसला की पुकारतो, असिस्टंट तो परत पुकारतो. रुळावर दरड आहे का, गुरे आहेत का, वरची तार ठीक आहे का, चढावर चाके घसरतात का, हे तो बघतो. त्याच्यासाठी जंगल म्हणजे सिग्नलच्या आड येऊ शकणारी फांदी. देखावा तोच, पण एकाच्या मनाला तो मोकळे करतो आणि दुसऱ्याचे मन ताणून धरतो.

घाट संपून सपाटी लागली की दुसराच त्रास. सरळ रूळ, दोन्ही बाजूंना सारखेच शेत, सारखेच खांब, उन्हाची तिरीप. ऑस्ट्रेलियात नलारबोर नावाचे माळरान आहे, तिथे रूळ ४७८ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. जगातला सर्वांत लांब सरळ रूळ तो हाच. आपल्याकडे तेवढे नाही, पण उन्हाळ्यातल्या दुपारी सपाटीवर मालगाडी चालवणाऱ्याला त्याची कल्पना येईल. डोळे उघडे असतात आणि मन मात्र डुलकी घेते. म्हणून तर इंजिनात दक्षता यंत्र बसवले आहे. ठरावीक वेळात पायलटची काही हालचाल झाली नाही, तर ते आधी दिवा लावते, मग बझर वाजवते, आणि तरी उत्तर मिळाले नाही तर स्वतः ब्रेक लावते. देखावा माणसाच्या डोक्यावर परिणाम करतो हे जर कुणाला पटत नसेल, तर त्याने एवढेच सांगावे की मग हे यंत्र कशासाठी बसवले?

आणि शहर जवळ आले की तिसरा प्रकार. रात्री मोठ्या स्टेशनात गाडी घेताना रुळाच्या दोन्ही अंगांना दुकानांच्या पाट्या, जाहिरातींचे फलक, लग्नाच्या हॉलची रोषणाई. लाल, हिरवे, पिवळे शेकडो दिवे. त्यांतून आपला एक दिवा निवडायचा आणि तो आपल्याच लाइनचा आहे याची खात्री करायची. ज्याने हे काम केले नाही त्याला वाटते, बसून तर गाडी चालवायची. ज्याने केले आहे त्याला ठाऊक आहे की ड्युटी संपल्यावर पाय दुखत नाहीत, डोळ्यांच्या मागे दुखते.

टपालातल्या साथींचे वेगळे नाही. आर.एम.एस.मधले जुने लोक इथे बसले आहेत. धावत्या मेलव्हॅनमध्ये रात्रभर उभे राहून खणांमध्ये पत्रे टाकायची. बाहेरून नर्मदा गेली, तापी गेली, यांना समोर दिसायचे ते खण आणि त्यांवरची गावांची नावे. हजारो गावांची नावे पाठ, आणि गाव एकही पाहिलेले नाही! सॉर्टिंग आता बहुतेक इमारतींत होते, पण ट्यूबलाइटखाली, बॅगांच्या ढिगांमध्ये, दिवस आहे की रात्र हे कळू नये अशा हॉलमध्ये बसलेला माणूस आजही आहेच. उलट पोस्टमनला दिवसभर बाहेरचे जग दिसते, पण ते ऊन, ट्रॅफिक, कुत्री आणि लिफ्ट बंद पडलेल्या इमारती असे दिसते.

हे सगळे कशाने होते, याचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या पती-पत्नींनी १९८९ साली यावर एक मोठे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगतो. लक्ष दोन प्रकारचे असते. एक ताणून धरावे लागते: सिग्नल बघणे, हिशेब तपासणे, पत्ता वाचणे. हे लक्ष स्नायूसारखे थकते. थकले की माणूस चिडतो, विसरतो, चुकीचे बटण दाबतो. दुसरे लक्ष आपोआप लागते आणि त्याला श्रम पडत नाहीत: वाऱ्याने हलणारी पाने, वाहते पाणी, सरकणारे ढग, फांदीवरची खार. हे दुसरे लक्ष चालू असते तेव्हा पहिल्याला विसावा मिळतो. म्हणजे झाडाकडे बघत बसलेला माणूस वेळ फुकट घालवत नसतो. उद्याच्या ड्युटीची तयारी करत असतो.

इथे कुणी म्हणेल, विसाव्याला आता मोबाइल आहे. रनिंग रूममध्ये बघा, प्रत्येक कॉटवर एक निळा उजेड. पण मोबाइल डोळ्यांना सोडत नाही, ओढतच राहतो. तासभर तो बघून उठलेला माणूस ताजा झालेला मी पाहिलेला नाही. आणि माणसे मोबाइलमध्ये एवढी का शिरतात, याचे निम्मे कारण असे की मान वर केली तर समोर भिंत असते.

आता पुराव्याचे बोलू, कारण प्रशासनासमोर भावनेने काम होत नाही. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका इस्पितळात पित्ताशयाचे ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांचे कागद त्याने तपासले. एकाच इस्पितळातल्या सारख्या खोल्या, ऑपरेशन तेच. फरक एवढाच की २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत आणि २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, प्रकृती वगैरे जुळवून जोड्या लावल्या होत्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी आठ दिवसांच्या आत घरी गेले, भिंतवाल्यांना पाऊण दिवस जास्त लागला. झाडवाल्यांना वेदनेची जबर औषधेही कमी लागली. अभ्यास लहान आहे, हे मी लपवत नाही. पण खिडकीबाहेरचे झाड औषधाच्या हिशेबात येऊ शकते, हे त्याने दाखवले.

दुसरा अभ्यास मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो गरीब माणसांच्या घरांचा आहे. शिकागो शहरात रॉबर्ट टेलर होम्स नावाची सरकारी वसाहत होती. सोळा-सोळा मजल्यांच्या २८ इमारती एका रांगेत, राहणारी बहुतेक कुटुंबे काळ्या गरीब माणसांची. २००७ पर्यंत ती वसाहत पाडून टाकण्यात आली. काही इमारतींसमोर झाडे टिकली होती, काहींसमोर नुसते डांबर आणि सिमेंट. घर कोणते मिळणार हे सरकारी कचेरी ठरवायची, भाडेकरूला निवड नव्हती. आपल्या क्वार्टरसारखेच! त्यामुळे शहाणी माणसे झाडांकडे गेली आणि भांडखोर डांबराकडे, असे म्हणायला जागा नव्हती. फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सुलिव्हन या संशोधकांनी तिथल्या १४५ बायकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००१ साली निष्कर्ष छापले. झाडे असलेल्या इमारतींतल्या बायकांचे लक्ष जास्त टिकत होते आणि घरातली भांडणे, मारझोड कमी होती. आयुष्यातल्या अडचणींना तोंड देण्याची ताकदही त्यांच्यात जास्त दिसली, असे कुओ यांनी वेगळे मांडले. गरिबी दोघींकडे तेवढीच होती. समोर झाड होते की नव्हते, एवढाच फरक.

साथींनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. गरिबी झाडाने जात नाही. पण गरिबीशी झगडायला डोके थंड लागते, आणि ते थंड राहायला झाड मदत करते. युनियनवाल्याला याहून मोठे कारण काय हवे?

परदेशाचे पुरे, आपल्या रुळावर या. मुंबईत वडाळ्याजवळ लोक रूळ ओलांडताना मरत. बोर्ड लावले, दंड केला, उपयोग होईना. २००९-१० च्या सुमारास तिथे एक प्रयोग झाला. काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे येणारी गाडी किती वेगात आहे याचा अंदाज डोळ्याला यावा. गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या घाबरलेल्या चेहऱ्याचे मोठे फोटो लावले. शिटीची पद्धतही बदलली. त्या जागी मृत्यू घटल्याचे तेव्हा नोंदवले गेले. ज्या लोको पायलटच्या इंजिनासमोर माणूस आला आहे, त्याला विचारा की एक मृत्यू टळणे म्हणजे काय. महिनोन्‌महिने झोप लागत नाही. इथे उपदेश हरला आणि रंग जिंकला. डोळ्यांसमोरचे बदलले तर डोक्यातला निर्णय बदलतो, याचे आपल्या घरातले हे उदाहरण.

आता एक इशारा. मी "निसर्ग चांगला, शहर वाईट" असे सांगायला आलो नाही. ते खरेही नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर सुरू झाली. तिच्या धबधब्यांचे फोटो आज सगळीकडे दिसतात. पण २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळावर आली, गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. पावसाळ्यात त्या कापांमधून रात्री बॅटरी घेऊन फिरणाऱ्या पेट्रोलमनला धबधबा दिसला की कविता सुचत नाही, पोटात गोळा येतो. ट्रॅकमनला चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मोकळे आकाश म्हणजे सावली नसलेली जागा. शेत करपलेल्या भावाला हिरवे डोंगर दाखवून समाधान मिळत नाही. निसर्गात राबणे वेगळे आणि निसर्गाकडे पाहत विसावणे वेगळे. पहिल्याचे वर्णन करून दुसरे नाकारायचे, ही चलाखी प्रशासनाने आपल्याशी करू नये. "तुम्ही तर दिवसभर निसर्गातच असता," असे एका अधिकाऱ्याने गँगच्या लोकांना ऐकवले होते. निसर्गात असतो साहेब, पण फावडे हातात घेऊन!

तसेच शहराचे. शहर नुसता गोंगाट नव्हे. मुंबईचे जुने व्ही.टी., म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ साली पुरे झाले. त्याच्या दगडात मोर आहेत, माकडे आहेत, पानाफुलांच्या वेली आहेत. शेजारची १९१३ सालची जनरल पोस्ट ऑफिसची इमारत घ्या. विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा तिचा घुमट, त्याखालचा तो उंच हॉल. तिथे रांगेत उभा राहिलेला साधा माणूससुद्धा मान वर करून बघतो, आणि मान वर केली की छाती आपोआप पुढे येते. बांधणारे राज्यकर्ते परके होते, पण दगड घडवणारे हात इथले होते. आणि गिरणगावातल्या चाळीची गॅलरी आठवा. तिथून झाड दिसत नव्हते, माणसे दिसत होती. कोण आजारी आहे, कोणाची चूल पेटली नाही, हे गॅलरीतून कळायचे. आपली निम्मी चळवळ त्या गॅलऱ्यांनी घडवली. चांगले शहर माणसाला माणूस दाखवते. वाईट शहर त्याला फक्त भिंत दाखवते.

ही भिंत आता वाढते आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडे पुनर्वसनाच्या इमारती अशा बांधल्या की दोघींमध्ये तीन मीटरचे अंतर. खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली की समोरच्याचे मोरीचे पाइप. तिथल्या क्षयरोगाचा उजेड-वाऱ्याच्या अभावाशी संबंध असल्याचे २०१८ सालच्या एका अहवालात दाखवले गेले. फुप्फुसाचे डॉक्टरला एक्स-रेमध्ये दिसते, मनाचे कोण बघणार?

असे बांधण्याशिवाय इलाज नसतो, हे खरे नव्हे. इथून जवळच इंदूर आहे, आपल्या मराठी माणसांचे जुने गाव. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा नगररचनाकार १९१४ साली हिंदुस्थानात आला आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. १९१८ साली त्याने इंदूर संस्थानाला शहराचा अहवाल दिला. हिंदुस्थानातल्या जुन्या वस्त्यांबद्दल त्याचा आग्रह असा की त्या सरसकट पाडू नका. अगदी गरजेपुरते काढा, मधला चौक मोकळा करा, विहीर आणि झाड राखा, तिथे बायका-मुलांना बसू द्या. शंभर वर्षांपूर्वी जे सांगितले गेले, ते आज आपल्या कॉलनीचा नकाशा काढणाऱ्याला सुचू नये?

आता आपल्या घरचा एक अनुभव सांगतो. जागेचे नाव घेत नाही, कारण मुद्दा जागेचा नाही. एका जंक्शनवर जुनी रनिंग रूम होती. कौलारू, पुढे लांब ओसरी, ओसरीसमोर दोन जुने कडुनिंब आणि त्यापलीकडे शेत. तक्रारी भरपूर होत्या. छत गळायचे, डास, पाणी वेळेवर नाही. युनियनने मागणी लावून धरली आणि नवी इमारत झाली. गाद्या नव्या, पाणी शुद्ध, स्वयंपाकघर स्वच्छ. पण इमारत अशी उभी केली की एका बाजूच्या खिडक्या मालधक्क्याच्या भिंतीकडे, आणि दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांत कूलर बसवलेले. कडुनिंब कामाच्या आड येतात म्हणून आधीच गेले होते. ओसरी नव्या नकाशात नव्हतीच.

सहा महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या, आणि गंमत अशी की कुणालाच नेमके सांगता येईना. गादी चांगली आहे, जेवण चांगले आहे, मग काय? "झोप येते पण उठल्यावर डोकं जड असतं." "खोलीत कोंडल्यासारखं होतं." चहावरून भांडण, पंख्यावरून भांडण. माणसे आंघोळ करून प्लॅटफॉर्मवर जाऊन बसू लागली, कारण तिथून निदान आकाश दिसायचे. शाखेने विषय पी.एन.एम.च्या बैठकीत टाकला. समोरचे अधिकारी हसले आणि म्हणाले, "खिडकीतून काय दिसावं, हे कोणत्या नियमात लिहिलंय?" आमचा एक जुना पायलट शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या चेंबरच्या खिडकीतून गुलमोहर दिसतो. तो कोणत्या नियमात आहे?" बैठक थोडा वेळ गप्प झाली.

त्यानंतर जे झाले ते फार मोठे नाही. कूलर खिडकीतून काढून वरच्या झरोक्याजवळ बसवले. मागचे कुलूप लावलेले दार उघडले. तिकडे एक पडीक तुकडा आणि आंब्याची तीन झाडे होती. तिथे पत्र्याची पडवी घातली, चार बाकडी ठेवली. नवे कडुनिंब आणि करंज आपल्याच लोकांनी लावले, वरच्या तारांपासून आणि सिग्नलच्या नजरेपासून दूर. यामुळे अपघात कमी झाले असे मी म्हणणार नाही, कारण ते कुणी मोजलेले नाही आणि न मोजलेले बोलू नये. पण संध्याकाळी ड्युटीवरून आलेला माणूस आता आधी त्या बाकड्यावर टेकतो, चहा घेतो, पंधरा मिनिटे आंब्याकडे बघतो, आणि मग निजायला जातो. चहावरून भांडण झाल्याचे बरेच दिवस ऐकलेले नाही. एवढा बदल मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

दोन आक्षेप येतील, त्यांची उत्तरे तयार ठेवा. पहिला आपल्यातलाच: "आधी जागा भरा, पगार वाढवा, मग झाडं." साथींनो, मागणीपत्र म्हणजे तिकीट खिडकीची रांग नव्हे, की एक पुढे गेला तरच दुसऱ्याने जायचे. जागा भरण्यासाठी लढा लागेल, तो चालूच आहे. खिडकीतला कूलर हलवायला एक पत्र पुरते. दुसरा आक्षेप येणार नाही, पण दुसरा डाव येईल. प्रशासन उद्या म्हणेल, "झाडं लावली, बाकडी दिली, विश्रांती आता उत्तम होते, मग ड्युटी थोडी लांबवायला काय हरकत?" या सौद्याला तिथल्या तिथे नकार द्या. झाड हे तासांच्या बदल्यात नाही, तासांच्या जोडीला आहे. बारा-चौदा तास राबलेल्या माणसाला नंदनवनात निजवले तरी त्याचा थकवा जात नाही.

कायद्यालाही हा विषय अगदीच परका नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या १७व्या कलमात असे होते की कामाच्या जागेला उजेड देणाऱ्या खिडक्यांच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवाव्यात आणि त्यांच्यापुढे अडथळा नसावा. म्हणजे उजेड आत येण्याचा हक्क कामगाराने फार पूर्वीच मिळवला. नजर बाहेर जाण्याचा हक्क ही त्याची पुढची पायरी.

आता कामाचे. प्रत्येक शाखेने चार गोष्टी मागणीपत्रात घालाव्यात. एक, नवी रनिंग रूम, विश्रामगृह किंवा सॉर्टिंग हॉल बांधण्याआधी नकाशा युनियनला दाखवावा आणि खिडक्या कोणत्या दिशेला उघडतात हे त्यात लिहिलेले असावे. दोन, जिथे माणसे विसावतात तिथे सावलीची एक उघडी जागा असावी. यात गँगहटही आली, आणि ट्रॅकवर काम करणाऱ्या आपल्या भगिनींसाठी आडोसा आणि सावली दोन्ही आली. तीन, कॉलनीतले किंवा कार्यालयाच्या आवारातले जुने झाड तोडायचे असेल तर शाखेला आधी लेखी कळवावे, आणि तोडलेल्याच्या बदल्यात त्याच आवारात झाड लावून जगवावे. लावण्याचा फोटो नको, जगल्याचा हवा. चार, क्वार्टरच्या रांगांमधली मोकळी जागा गोदामाला, पार्किंगला किंवा भंगाराला देऊ नये. मुलांचे खेळणे आणि म्हाताऱ्यांचे बसणे हे त्या जागेचे काम आहे.

आणि मागण्यांआधी एक गृहपाठ. परत गेल्यावर प्रत्येक शाखेने एक वही करावी. आपल्या रनिंग रूममध्ये, विश्रामगृहात, सॉर्टिंग हॉलमध्ये जा. प्रत्येक कॉटवर, प्रत्येक खुर्चीवर दोन मिनिटे बसा आणि समोर काय दिसते ते एका ओळीत लिहा. "कॉट नंबर चार: कूलरची पाठ." "कॉट नंबर सात: भिंत, तिच्यावर ओल." "खुर्ची नंबर दोन: अर्धे पिंपळाचे झाड." विशेषणे नकोत, दिसते तेवढेच लिहा. अशी पन्नास पाने भरली की पुढच्या बैठकीत भाषण करावे लागणार नाही, वही टेबलावर ठेवली तरी पुरे. प्रत्येक शाखेने ही वही महिनाभरात मंडळ कार्यालयात पोहोचवावी, म्हणजे सगळ्या शाखांचा मिळून एकच आयटेम टाकता येईल.

कुणी विचारले की युनियन झाडांच्या मागे कधीपासून लागली, तर सांगा, ज्या दिवशी विश्रांती हक्क झाली त्या दिवसापासून. अंग कॉटवर टेकले म्हणजे विश्रांती पुरी होत नाही. दिवसभर सिग्नल शोधलेल्या आणि पत्ते वाचलेल्या डोळ्यांनाही टेकायला जागा लागते, आणि ती जागा भिंत असू शकत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!